‘अकाटा विच’ आठ महिने घरात राहिल्यानंतर

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, जूनमध्ये, नेडी ओकोराफोर यांची ‘अकाटा विच’ ही इंग्रजी कादंबरी मागवली. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि पुस्तक घरात तीनदा वाचून झालंय. आधी मी एकटीने वाचलं, मग सातवीतल्या लेकीला रोज रात्री मराठीत सांगत सांगत वाचलं आणि दिवाळीच्या सुट्टीत तिने शब्दकोश जवळ घेऊन स्वतःच वाचून काढलं. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहायला बसले असते तर सगळं जादूबद्दलच लिहिलं असतं. आज लिहावंसं वाटतंय ते त्यातल्या सनी आणि चिची या दोन मैत्रिणींबद्दल.

कथा नायजेरियातल्या आबा शहरातली. सनी १२ वर्षांची, तिथल्या इग्बो समाजातल्या आईवडिलांची मुलगी, जन्म न्यूयॉर्कचा. तिच्या त्वचेत रंगद्रव्य नाही, ऊन अजिबात सोसत नाही. फुटबॉलचं एवढं वेड, पण अंधार पडल्याशिवाय खेळता येत नाही. शाळेतली मुलं तिला ‘अकाटा’ म्हणून हिणवतात. कृष्णवर्णीय अमेरिकनांसाठी तिकडे वापरला जाणारा हा अपमानाचा शब्द आहे. एका रात्री मेणबत्तीच्या ज्योतीत तिला जगाचा अंत दिसतो. ती बघत राहते आणि तिचे केस पेट घेतात. पुढे वर्गातला ऑर्लू, त्याची मैत्रीण चिची आणि शिकागोहून पाठवलेला साशा असे चौघं एकत्र येतात, आणि मुलं पळवणाऱ्या एका खुन्याला अडवायचं काम मोठी माणसं या चौघांवर टाकतात. कथानक याहून जास्त सांगत नाही.

चिची मला पहिल्या भेटीतच आवडली. शाळेत जात नाही, आईबरोबर एका झोपडीत राहते आणि त्या झोपडीत जिकडेतिकडे पुस्तकं. वय विचारलं तर सांगत नाही. तोंडाने फटकळ, कुणाच्या दबावात येणार नाही. सनी नेमकी उलट, चार ठिकाणी बोलणी खाऊन जपून वागायला शिकलेली. पण या दोघींची मैत्री सुरू होते तीच एका अवघड गोष्टीवरून. जादूच्या जगाबद्दल काही सांगायच्या आधी चिची आणि ऑर्लू सनीकडून वचन घेतात, आणि हे वचन नुसतं तोंडी नसतं. त्यातल्या जादूमुळे घरी सांगायचं म्हटलं तरी सनीला सांगता येत नाही. इथे लेकीने मला थांबवलं. “आई, ही कसली मैत्रीण? आधी बांधून टाकलं आणि मग सांगितलं!” त्या रात्री आम्ही पुढे वाचलंच नाही, त्यावरच बोलत बसलो. लेखिकेने ही बोच लपवलेली नाही. सनी घरी खोटं बोलते, आईच्या नजरेला नजर देताना कासावीस होते, चिचीवर चिडते आणि तरी दुसऱ्या दिवशी तिच्याच झोपडीकडे जाते. बारा-तेरा वर्षांच्या मुलींची मैत्री अशीच असते. मोठ्यांच्या पुस्तकांतही इतकी खरी क्वचित भेटते.

सांगताना ‘विच’ला काय म्हणायचं हा प्रश्न पहिल्याच रात्री आला. चेटकीण म्हणावंसं वाटेना. आपल्याकडे डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालेली आहे, २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हे लेकीलाही माहीत आहे. शेवटी माझ्या आजीच्या तोंडचा शब्द आठवला: जाणती. तो चपखल बसला, कारण या पुस्तकात जादूचं मोल जाणण्यावरच ठरतं. काही नवीन शिकलं, खरोखर उमगलं, की आकाशातून ‘चिट्टिम’ नावाची नाणी पडतात. त्यात सोन्याची सगळ्यात हलकी आणि तांब्याची सगळ्यात मोलाची. आमच्या घरात ‘चिट्टिम’ पक्कं रुजलंय. अपूर्णांकांचा भागाकार डोक्यात शिरला तेव्हा लेक स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “आई, तांब्याचं पडलं!”

जादू जाणणाऱ्यांना पुस्तकात ‘लेपर्ड पीपल’ म्हणतात. आम्ही निफाडकडचे, बिबट्या म्हटलं की डोळ्यांसमोर ऊस आणि पिंजरा येतो, त्यामुळे ‘बिबटे माणसं’ म्हणताना लेकीला आधी भीतीच वाटली. पण हे नाव लेखिकेने हवेतून आणलेलं नाही. नायजेरियाच्या आग्नेय भागात ‘एक्पे’ नावाची जुनी गुप्त संघटना आहे, त्या शब्दाचा अर्थच बिबट्या, आणि ‘न्सिबिदी’ ही चिन्हांची लिपी त्या संघटनेशी जोडलेली आहे. तीच लिपी सनी पुस्तकात वाचायला शिकते. हे कळल्यावर मी दुसऱ्यांदा वाचताना कितीतरी पानांवर थबकले.

आणखी एक गोष्ट. या जगात तुमच्यात जे उणं म्हणून दाखवलं जातं, तिथूनच तुमची शक्ती येते. ऑर्लूला अक्षरं लागत नाहीत, पण दुसऱ्याने घातलेली जादू तो उलगडून टाकतो. ओकोराफोर स्वतः टेनिस खेळायच्या. १९व्या वर्षी पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे पाय लुळे पडले, आणि रुग्णालयातल्या त्या दिवसांत त्या लिहू लागल्या. नंतर त्या पुन्हा चालायला शिकल्या. हे माहीत असल्यावर सनी रात्री मैदानात धावते ती पानं वेगळीच लागतात.

खटकलेलंही सांगते. शेवट फार घाईत उरकलाय. तीनशेहून जास्त पानं ज्या खुन्याची दहशत वाढवली, त्याच्याशी झालेली गाठ बघता बघता संपते, आणि चिचीला तिथे पुरेशी जागाच मिळत नाही. माझ्या दोन्ही वाचनांत मला हे लागलं. शिवाय मुलांचे हातपाय तोडल्याचे उल्लेख आहेत. दहाच्या आतल्या मुलांना देऊ नका, आणि अकरा-बारा वर्षांच्यांना देताना सोबत बसा. वडीलधारे गुरू मुलांना धोक्यात पाठवतात आणि तुम्ही मेलात तरी जग चालत राहील असं तोंडावर सांगतात. मला ते कठोर वाटलं. लेकीला मात्र तेच आवडलं, कारण कुणी तिच्याशी खोटं गोड बोलत नव्हतं.

माझी ऑनलाइन मागवलेली प्रत बांधणीला कच्ची निघाली. ऑक्टोबरात मधली पानं सुटली, ती डिंकाने चिकटवली. पुस्तक २०११ चं आहे. पुढचे दोन भाग २०१७ आणि २०२२ मध्ये आले. दुसरा भाग आम्ही मागवलाय.

या वर्षी लेकीच्या जिवलग मैत्रिणीची तुकडी बदलली आणि दोघींचं बोलणं जवळपास थांबलं होतं. संक्रांतीला ती तिळगूळ द्यायला आली, तेव्हा लेकीने कपाटातून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. सोबत आजीच्या डब्यातला तांब्याचा ढब्बू पैसाही दिला, मला न विचारता. परवा दोघी गच्चीवर बसून कुजबुजत होत्या. “काय चाललंय गं?” म्हटलं, तर लेक म्हणाली, “आई, सांगता येत नाही. वचन झालंय.”