पिल्लू मलूल पडलंय: तालुक्याचा दवाखाना, जळगाव-धुळ्याचं क्लिनिक की थेट नाशिक?

खानदेशातल्या पारोळा, यावल, शिरपूर किंवा तळोद्यात कुत्र्याचं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू आजारी पडलं, तर घरच्यांपुढे चार वाटा असतात. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, 1962 या हेल्पलाइनवर फोन करून बोलवायचं फिरतं पशुवैद्यकीय पथक, जळगाव-धुळ्यातलं खासगी क्लिनिक, नाहीतर नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर. पाचवी वाट म्हणजे सकाळपर्यंत वाट बघणं. सगळ्यात महाग तीच पडते.

दवाखाना जितका मोठा तितका बरा, हा हिशेब एवढ्याशा जिवाला चालत नाही. अर्धा किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं जेमतेम 40 ते 45 मिली. अंगात साखरेचा साठाही नसल्यासारखाच. दूध पिणं थांबलं की काही तासांत साखर उतरते, अंग गार पडतं आणि अंग गार पडलं की आतडं काम थांबवतं. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: पुढच्या तासाभरात याला ऊब, साखर आणि सलाईन कुठे मिळेल?

आधी वय बघा

डोळे न उघडलेलं किंवा चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू बहुधा गारठा, उपासमार आणि आईकडून आलेले जंत यांनी खचतं. हुकवर्मचे जंत आईच्या दुधातून येतात आणि दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाचं रक्त शोषून हिरड्या पांढऱ्याफटक करतात. इथे ऊब आणि साखर आधी, औषध नंतर.

सहा ते बारा आठवड्यांच्या पिल्लाला उलट्या आणि दुर्गंधीचे, रक्ताचे जुलाब सुरू झाले की पहिला संशय पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या विषाणूच्या संसर्गाचा. उपचार न झालेली पार्वोची पिल्लं क्वचितच वाचतात. वेळेत शिरेतून सलाईन आणि दिवसरात्र देखभाल मिळाली तर बहुतेक वाचतात. सारा फरक सुरुवातीच्या तासांचा आहे.

दोन महिन्यांच्या पुढचं, खेळणारं, खाणारं पिल्लू एकदाच पातळ शी करून मोकळं झालं, तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही. उलटी आणि जुलाब एकत्र, पांढऱ्या हिरड्या, झटके, तोंड उघडं टाकून श्वास, फुगलेलं पोट, किंवा अंगावर पिणाऱ्या पिल्लाने तीन-चार तास आचळ न धरणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही.

तालुक्याचा सरकारी दवाखाना

जवळ आहे, शुल्क नाममात्र आहे. पण आत कोण बसतं ते आधी माहीत करून घ्या. श्रेणी 1 च्या दवाखान्यात पदवीधर डॉक्टर म्हणजे पशुधन विकास अधिकारी असतात. श्रेणी 2 चा कारभार बहुधा पशुधन पर्यवेक्षकांकडे असतो. दोघांचाही बराचसा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांमागे जातो, त्यामुळे डॉक्टर गावोगाव फिरतीवर असण्याची शक्यता धरूनच निघा आणि आधी फोन करा.

अडचण कौशल्याची कमी, सामानाची जास्त. म्हशीला लागणारी सुई पिल्लाच्या शिरेत जात नाही. 24 नंबरची बारीक सुई लागते. ती नसली तरी कातडीखाली कोमट सलाईन आणि वजनावर मोजलेलं उलटी थांबवणारं इंजेक्शन मिळालं, तर पुढच्या प्रवासापुरती ताकद येते. निघण्यापूर्वी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहून न्या. जंत-गोचिडांवरच्या आयव्हरमेक्टिन या औषधाचंच बघा: गुरांसाठी 1 टक्क्याचं इंजेक्शन 50 किलोला 1 मिली या हिशेबाने देतात. त्या हिशेबाने एक किलोच्या जिवाला 0.02 मिली, म्हणजे सिरिंजच्या टोकावरचा थेंब. अंदाजे भरलेली सिरिंज मारक ठरते, आणि सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला हे औषध देऊच नये.

जिल्ह्याच्या ठिकाणचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय याच व्यवस्थेतलं, पण तपासणीची सोय तिथे जास्त असते. जळगाव किंवा धुळ्याजवळ राहत असाल तर तालुक्याऐवजी सरळ तिथेच जा.

1962 चं फिरतं पथक

गाडी दारात येते हा मोठा आधार, पण ही सेवा प्रामुख्याने पशुधनासाठी उभी राहिली आहे आणि एका पथकाकडे पुष्कळ गावं असतात. फोन करा, पिल्लू आहे हे स्पष्ट सांगा, किती वेळ लागेल ते विचारा. उत्तर तासाभराच्या पुढचं असेल तर वाट बघू नका.

जळगाव-धुळ्याचं खासगी क्लिनिक

पार्वोचा संशय असेल तर आमचा कौल इथे. शी तपासायच्या किटचा निकाल दहा-पंधरा मिनिटांत येतो, मात्र अगदी सुरुवातीला तो खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून लक्षणं तीच असतील तर उपचार थांबवू नयेत. शिरेतलं सलाईन, उलटीचं इंजेक्शन, साखरेची तपासणी हे सगळं एका जागी होतं. कच्चा दुवा रात्रीचा. दिवसभर सलाईन लावून संध्याकाळी पिल्लू घरी पाठवणारी क्लिनिकं पुष्कळ आहेत. दीड किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण 120 ते 180 मिली पाणी लागतं, शिवाय जुलाबात गेलेलं वेगळं. बारा तास सलाईन बंद म्हणजे दिवसभराची कमाई रात्रीत गेली.

म्हणून फोनवर चार गोष्टी विचारा: पिल्लाच्या शिरेत सलाईन लावता का, पार्वोचं किट आहे का, रात्री कोण थांबतं, आणि पाच-सात दिवसांचा एकूण खर्च किती. आत पिल्लू जमिनीवर सोडू नका. पार्वो तिथूनच पुढच्या पिल्लाला जातो.

नाशिक, संभाजीनगर, अकोला

धुळ्याहून नाशिक आणि जळगावहून संभाजीनगर, दोन्ही 160 किलोमीटरच्या आसपास. भुसावळ-मुक्ताईनगरच्या लोकांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था साधारण दीडशे किलोमीटरवर पडते. रक्त चढवायचं, शस्त्रक्रिया करायची किंवा रात्रभर देखरेख हवी, तेव्हाच हा प्रवास करावा, आणि तोही जवळच्या डॉक्टरकडून सलाईन लावून घेऊन. गार पडलेलं, साखर उतरलेलं पिल्लू तसंच तीन-चार तास गाडीत नेणं म्हणजे उपचार तीन-चार तास उशिरा सुरू करणं.

निघण्यापूर्वीची दहा मिनिटं

डिजिटल थर्मामीटरला खोबरेल लावून गुदद्वारात सेंटीमीटरभर घाला. पहिल्या आठवड्यात 95 ते 99 फॅरनहाइट ठीक, चार आठवड्यांनंतर 100 च्या वर हवं. पिल्लू गार असेल तर दूध अजिबात पाजू नका, ते पचत नाही आणि फुफ्फुसात जातं. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी सोडा. चुलीजवळ किंवा हीटरपुढे धरून एकदम तापवू नका. साखरेच्या दाट पाण्यात बोट बुडवून हिरड्यांवर चोळा, ओतायचं नाही. मेच्या 44 अंशांत उलट काळजी: बाटली नको, खोक्याला भोकं पाडा, गाडी सावलीत लावा.

मेडिकलमधून आणलेलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा जुलाब बंद करायची गोळी देऊ नका. गुरांचं गोचीड मारायचं औषध अंगाला चोळलं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा आणि बाटली सोबत न्या. लाळ, थरथर आणि झटके हे विषबाधेचंही रूप असतं.

रस्त्यावरून उचललेलं किंवा अनोळखी कुत्रं चावलेलं पिल्लू असेल तर हातमोजे घाला, कारण एवढ्या लहान पिल्लालाही रेबीज असू शकतो. दात किंवा नख लागलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात लस घ्यायला जा.