आठ महिने हिडन ऑब्जेक्ट आणि टाइम मॅनेजमेंट गेम्स खेळल्यानंतरचा अनुभव (सासूबाईंसोबत)

हिडन ऑब्जेक्ट म्हणजे पसाऱ्याच्या चित्रात लपलेल्या वस्तू शोधायच्या, आणि टाइम मॅनेजमेंट म्हणजे हॉटेल वगैरेची कामं वेळेत उरकायची. गड्डा यात्रा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, उठली त्याच आठवड्यात पहिला गेम घेतला, म्हणजे जानेवारी, आणि आता गणपती पण होऊन गेले. आठ महिन्यात अकरा गेम विकत घेतले, त्यातले सात पूर्ण झाले, दोन अर्ध्यात सोडले, दोन चालू आहेत. एवढं खेळल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलेलं, कारण पहिल्या दिवशी लिहिलेले रिव्ह्यू भरपूर असतात, तासभर खेळायचं आणि भारी आहे म्हणून टाकायचं, पण या गेम्सचं खरं काय ते तिसऱ्या चौथ्या गेमला कळतं, तेव्हा तेच तेच वाटायला लागतं का नाही ते दिसतं.

आधी मशीन सांगते कारण पहिला प्रश्न तोच येतो. लॅपटॉप जुना आहे, आय थ्री, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. या प्रकारचे गेम त्याच्यावर निवांत चालतात, कारण सगळी सीन्स म्हणजे रंगवलेली चित्रंच असतात, थोडी हालचाल वरून टाकलेली. पंखा जोरात फिरतो एवढंच, आणि सोलापूरचा एप्रिल-मे म्हटल्यावर तो नुसतं एक्सेल उघडलं तरी फिरतो. मी एका टॅक्सच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करते, दिवसभर आकडेच, म्हणून रात्री जेवणं आवरल्यावर अर्धा पाऊण तास डोक्याला वेगळं काहीतरी पाहिजे होतं आणि मारामारीचे, गाड्यांचे गेम मला जमत नाहीत.

आता सासूबाईंचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धाच होईल. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. घर अशोक चौकाकडं, पूर्व भागात, आणि आत्यांनी वीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात कांडी भरायचं, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायचं, काम केलंय. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर आता चांगली आहे, पण इंग्रजी वाचता येत नाही, मराठी येतं. फेब्रुवारीत एकदा मी एका जुन्या घराच्या माळ्यावरचं सीन खेळत होते, पसारा सगळा, आणि खालच्या लिस्टमध्ये शटल असं नाव होतं. मी बॅडमिंटनचं फूल शोधत होते, पांढरं दिसेल तिथं क्लिक, पाच मिनिटं गेली. आत्या मागं कॉटवर बसून शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "काय शोधायलीस गं एवढं?" मी म्हटलं, "आत्या, शटल म्हणून कायतरी आहे, सापडंना." त्यांनी नुसतं स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तो काय, खिडकीखाली धोटा पडलाय की." आणि खरंच लाकडी धोटा होता, मागावर सूत इकडनं तिकडं नेतो तो, दोन्ही टोकं निमुळती, आत कांडी बसवायची जागा, मी त्याला होडी समजून सोडून दिलेलं. वीस वर्षं जी वस्तू हातात होती ती त्यांना अंधारात पण दिसली असती.

त्या दिवसापासून आम्ही दोघी खेळतो. एचडीएमआय केबलनं लॅपटॉप हॉलमधल्या ३२ इंची टीव्हीला जोडला आणि खरं सांगते, हिडन ऑब्जेक्ट गेमसाठी एवढा एक बदल कुठल्याही सेटिंगपेक्षा मोठा आहे. लॅपटॉपच्या स्क्रीनवर बारीक वस्तू, सुई, किल्ली, बटण, दिसतच नाहीत, आणि हे गेम बहुतेक रात्रीचे, धुक्याचे, निळ्या-जांभळ्या रंगाचे असतात, त्यामुळं टीव्हीची ब्राइटनेस पण वाढवून ठेवावी लागते. आता मी नावं मराठीतून वाचते, "मेणबत्ती, अंगठी, घुबड, कात्री", आणि आत्या बोट दाखवतात. शेजारच्या अक्का येतात, त्यांच्या घरात तेलुगू, त्या तेलुगूतनं सांगतात, आत्यांना तेलुगू कळतं, मला थोडं थोडं यायला लागलंय.

भाषेचा मुद्दा मात्र नीट सांगायला पाहिजे. मी घेतलेल्या एकाही गेममध्ये मराठी नाही. लिस्टमधले शब्द घरातल्या वस्तूंचे असतात आणि ते शाळेच्या इंग्रजीत कधी आलेलेच नसतात. थिंबल म्हणजे शिवताना बोटात घालतात ते अंगुस्तान, अॅनव्हिल म्हणजे लोहाराची ऐरण, हे मला डिक्शनरी बघून कळलं, आणि कळल्यावर वस्तू लगेच सापडली कारण वस्तू ओळखीचीच होती, नाव ओळखीचं नव्हतं. आणखी एक, एका शब्दाचे दोन अर्थ असतात तिथं मुद्दाम फसवतात. बॅट म्हटलं की वटवाघूळ पण असेल आणि खेळायची बॅट पण, क्रेन म्हणजे पक्षी पण आणि यंत्र पण, बो म्हणजे धनुष्य किंवा रिबिनीची गाठ. सापडत नसेल तर आधी दुसरा अर्थ आठवा, हिंटचं बटण नंतर (ते दाबलं की वस्तू कुठं आहे ते दाखवतं, मग परत भरायला वेळ घेतं). ज्यांना इंग्रजीची अडचण आहे त्यांनी असे गेम बघावेत ज्यात नावांऐवजी वस्तूंच्या काळ्या आकृत्या देतात, बऱ्याच गेममध्ये मधे मधे अशी सीन्स असतातच.

या प्रकारची मोठी लाट आली ती बिग फिश गेम्स या कंपनीच्या मिस्ट्री केस फाइल्स या सिरीजमुळं, त्यातला पहिला हंट्सव्हिल २००५ चा आणि रेव्हनहर्स्ट २००६ चा. जुन्या गेममध्ये घड्याळ असायचं, ठरलेल्या वेळात लिस्ट संपवा. नंतर त्यात गोष्ट आली, खोल्यांमधून फिरणं आलं, कोडी आली, आणि घड्याळ मागं पडलं. आमच्यासाठी हे फार महत्त्वाचं, कारण घड्याळ लागलं की आत्या गप्प होतात, हात मागं घेतात, "तूच खेळ" म्हणतात. घड्याळ नसलं की तासभर बसतात. म्हणून मी आता काही घेताना आधी बघते, वेळेची सक्ती बंद करता येते का. सुरुवातीला मोड विचारतात, कॅज्युअल, अॅडव्हान्स्ड वगैरे, तिथं बिनधास्त कॅज्युअल घ्या. कॅज्युअलमध्ये कुठं काही करायचंय तिथं चमकतं आणि हिंट लवकर भरते. वरच्या मोडमध्ये चमकणं बंद, हिंट भरायला बराच वेळ. उगाच इकडं तिकडं क्लिक मारत सुटलात तर काही गेम थोडा वेळ कर्सर अडवून ठेवतात, ते मला पटतं, शोधायचंय तर बघून शोधा.

नावं घेऊन सांगायचं तर पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडी कंपनीचे गेम आमच्या घरात सगळ्यात जास्त चालले. नाइटमेअर्स फ्रॉम द डीप, द कर्स्ड हार्ट, हा २०१२ चा, म्युझियममध्ये काम करणारी बाई असते आणि तिच्या मुलीला समुद्री चाच्याचं भूत घेऊन जातं. जुना असला तरी चित्रं अजून सुंदर दिसतात, जहाजाची लाकडं, दोर, पेट्या, एकेक वस्तू जीव लावून काढलीये. ग्रिम लेजंड्सचा पहिला भाग आत्यांना सगळ्यात आवडला, त्यात बहिणीच्या लग्नातनं अस्वल नवरीला उचलून नेतं. आत्यांनी त्या गोष्टीचा दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना सुद्धा विचार केला, "तिची आई कुठं गेली गं पण?" एनिग्मॅटिस मला जास्त आवडला, त्यात आपण डिटेक्टिव्ह असतो आणि सापडलेले पुरावे भिंतीवर लावून एकमेकांशी जोडायचे, म्हणजे सापडलेल्या वस्तूला काहीतरी अर्थ येतो, नुसतं सापडलं आणि संपलं असं होत नाही. भुताखेताचं मात्र बऱ्याच गेममध्ये आहे, बाहुल्या, पडकी घरं, कब्रस्तान, लहान मुलं घरात असतील तर आधी ट्रेलर बघा. आम्ही अमावस्येला खेळत नाही, आत्यांना नको वाटतं, मग मी पण उघडत नाही.

वेगळंच काही पाहिजे असेल तर हिडन फोक्स घ्या, २०१७ चा. हाताने काढलेली काळी-पांढरी चित्रं, मोठी मोठी, त्यात शेकडो बारीक माणसं, झाडं, तंबू, प्राणी, आणि जिथं क्लिक कराल तिथं काहीतरी हलतं, उघडतं, आवाज येतो, आणि ते आवाज सगळे माणसांनी तोंडाने काढलेत, दोन हजारांच्या वर. घड्याळ नाही, शोधायचंय त्याचं चित्रच खाली दिलेलं असतं, म्हणजे वाचायची गरज फक्त क्लूपुरती. माझा नऊ वर्षांचा मुलगा, आत्या आणि अक्का तिघं मिळून खेळतात आणि मी स्वयंपाकघरातनं नुसते आवाज ऐकते, कोण मगर निघाली, कोण माकड निघालं. पैसे वसूल.

आता टाइम मॅनेजमेंट. हा भाग माझा एकटीचा. डायनर डॅश मी कॉलेजात असताना एका सायबर कॅफेत बघितलेला, त्यात फ्लो नावाची बाई ऑफिसची नोकरी सोडून हॉटेल चालवते, गिऱ्हाईक बसवा, ऑर्डर घ्या, वाढा, बिल द्या, टेबल पुसा, आणि तेवढ्यात पुढच्या माणसाचा धीर कमी कमी होत जातो, डोक्यावरचे बदाम उडत जातात. आता मी एमिलीचे, डिलिशस सिरीजचे, खेळते. यात एक गोष्ट समजली की गेम बदलतो आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. एकसारखी कामं एकापाठोपाठ केली की जास्त गुण मिळतात. म्हणजे तीन टेबलांचे पैसे लागोपाठ घ्यायचे, मधे दुसरं काही करायचं नाही. आपल्याकडं भाकरी करतात तसंच आहे हे, एक तव्यावर, एक विस्तवापुढं फुगतीये आणि एक परातीत थापतोय, ज्याला हा ताल जमला त्याच्या वीस भाकरी वेळेत होतात आणि ज्यानं एकेक धरली तो पाहुणे उठेपर्यंत चुलीपुढंच. क्लिक आधीच लावून ठेवता येतात, एमिली एकामागं एक करत जाते, तेव्हा बोटांची घाई कमी करा आणि डोळ्यांनी दोन पावलं पुढचं बघा. मी पहिले दहा लेव्हल नुसती धावत होते आणि एक एक स्टार मिळत होता. आणि प्रत्येक लेव्हलला एक उंदीर कुठंतरी लपलेला असतो तो पण शोधायचा असतो, ते मला फार आवडतं, हिडन ऑब्जेक्टचा एक घास त्यातच वाढून ठेवलाय.

पण एक गोष्ट मनापासून सांगते, टाइम मॅनेजमेंट झोपायच्या आधी खेळू नका. मार्च महिना होता, ऑफिसात वर्षअखेर, दिवसभर पार्ट्यांचे फोन, फाइल, सही, आणि रात्री परत गिऱ्हाइकं रांगेत उभी. डोळे मिटले तरी टेबलं दिसायची. मार्चमध्ये बंदच केला, मे मध्ये परत काढला, आणि आता फक्त रविवारी दुपारी खेळते. हिडन ऑब्जेक्ट रात्रीसाठी, हे रविवारसाठी, अशी वाटणी केल्यावर दोन्ही आवडायला लागले.

पैशाचं. मी जवळपास सगळे स्टीमवरनं, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातनं, सेलमध्ये घेतले, शंभर रुपयांच्या आत बरेच मिळतात, यूपीआयनं पैसे जातात. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर रिफंड मागता येतो, मी एकदा मागितला आणि मिळाला. पण लक्षात ठेवा, हे गेम चार पाच तासांचेच असतात, दोन तास म्हणजे निम्मा गेम, म्हणून पहिल्या अर्ध्या तासातच ठरवा. कलेक्टर्स एडिशन असं लिहिलेलं असेल तर त्यात मूळ गोष्टीनंतर एक जास्तीचा भाग आणि आतच गाइड असतं, फरक थोडा असेल तर तेच घ्या.

फोनवरचा फुकटवाला पण खेळून बघितला, दीड महिना, नाव घेत नाही. चार सीन झाली की एनर्जी संपली, थांबा नाहीतर पैसे भरा. आणि परत परत तेच सीन, त्याच खोलीत त्याच वस्तू, म्हणजे शोधणं संपतं आणि पाठांतर सुरू होतं. आत्यांनी तिसऱ्या दिवशीच सांगितलं, "हे काय खरं नाही, हेच काल पण होतं." काढून टाकला. आणखी एका ठिकाणी महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलेलं, बंद करायला विसरले असं नाही, बंद केलेलं तरी दोन महिने पैसे कापले गेले, शेवटी बँकेतनं ऑटोपे काढावा लागला. तेव्हापासून एकदाच पैसे देऊन आपल्या लॅपटॉपवर उतरवता येईल तेवढंच घेते. नेट गेलं तरी चालतं, आणि आमच्याकडं लाइट जाते तेव्हा लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटं निघते, तेवढ्यात सीन पूर्ण करून मेनूत जा, नाहीतर चालू सीन परत पहिल्यापासून. प्रोफाइल वेगवेगळे बनवा. माझ्या मुलानं माझ्याच नावानं नवा गेम सुरू केला आणि एमिलीची बत्तीस लेव्हल पुसली गेली, मी त्या रात्री खरंच रडले.

टचपॅडवर टाइम मॅनेजमेंट होणार नाही, माउस घ्याच. नवी पेठेतनं साडेतीनशेचा घेतला होता, त्याचं डावं बटण गेल्या आठवड्यापासून कधी लागतं कधी लागत नाही, आठ महिन्यांच्या क्लिकमध्ये झिजलं. आता वायरलेस घ्यायचाय, म्हणजे आत्यांना कॉटवर बसूनच स्वतः क्लिक करता येईल. कालच म्हणत होत्या, "मी दाखवती आणि तू दाबती, मलाच दाबू दे की एकदा."