घरच्या फोटोंपासून व्यवसायापर्यंत: ५० मिलिमीटरच्या एका लेन्सचे परीक्षण

आपल्या मुलाचे फोटो काढता काढता कौटुंबिक छायाचित्रणाकडे व्यवसाय म्हणून पाहू लागलेल्या आई-वडिलांना कॅमेऱ्याबरोबर मिळालेली झूम लेन्स लवकरच अपुरी वाटू लागते, आणि पुढची लेन्स कोणती घ्यावी असे विचारल्यावर त्यांना बहुधा ‘फिफ्टी’, म्हणजे ५० मिलिमीटर केंद्रांतराची लेन्स, हेच उत्तर मिळते. कॅननने २०२० मध्ये आणलेली आरएफ ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम ही त्याच जातकुळीतली लेन्स आहे. तिच्या तीक्ष्णतेबद्दल आणि रंगांबद्दल पुष्कळ लिहिले गेले असल्यामुळे मी त्यात शिरत नाही. घरातल्या हौसेतून व्यवसायाकडे निघालेल्या पालकाला ती कुठवर साथ देते आणि कुठे अपुरी पडते, एवढेच येथे तपासायचे आहे.

लेन्सचे वजन सुमारे १६० ग्रॅम आहे. कडेवर मूल असताना कॅमेरा एका हाताने उचलावा लागणाऱ्या माणसाला या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. धूळ आणि पाणी रोखणारे आवरण तिच्यात नाही, ऊन अडवणारे हूड वेगळे घ्यावे लागते, आणि फोकस व इतर नियंत्रणे यांसाठी एकच कडे असल्याने बाजूच्या बटणाने त्याचे काम बदलावे लागते. या वर्गातल्या लेन्समध्ये एवढी तडजोड मला मान्य आहे.

तिचे खरे बळ प्रकाशाच्या बाबतीत दिसते. साध्या झूम लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) लांबच्या टोकाला अनेकदा एफ/५.६ पर्यंतच उघडते; एफचा आकडा जितका लहान, तितके हे छिद्र मोठे. त्याच्या तुलनेत एफ/१.८ वर कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत नऊपटींहून अधिक प्रकाश पोहोचतो. याचा अर्थ असा, की झूमवर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात जो फोटो निघाला असता, तोच येथे तेवढ्याच आयएसओवर (म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता तेवढीच ठेवून) सेकंदाच्या साधारण पाचशेव्या भागात निघतो, आणि धावणारे मूल थोपवून धरायला साधारण तेवढाच वेग लागतो. लेन्समध्ये स्थिरीकरणाची सोय नाही अशी तक्रार काही जण करतात. परंतु स्थिरीकरण फक्त छायाचित्रकाराच्या हाताचे कंपन सावरते, मुलाच्या हालचालीवर त्याचा काहीच इलाज चालत नाही, त्यामुळे या कामापुरती ती उणीव मला मोठी वाटत नाही. शिवाय खिडकीतून येणाऱ्या उजेडात काम भागत असल्याने झोपलेल्या बाळावर फ्लॅश मारण्याची वेळ येत नाही.

दुसरा गुण खरे तर अभावातून आलेला आहे. या लेन्सला झूम नाही, त्यामुळे जवळ जायचे तर छायाचित्रकारालाच पुढे सरकावे लागते, आणि मुलाच्या डोळ्यांची पातळी गाठायची तर जमिनीवर बसावे लागते. ज्याने घरी मूल वाढवले आहे, तो हे कोणी न सांगता करतो. मूल भुकेले आहे की पेंगुळले आहे, हे त्याला चेहऱ्यावरून उमगते. रडणाऱ्या मुलाला ‘हस रे’ म्हणण्यात अर्थ नसतो आणि बुजलेल्या मुलाला हाका मारण्याऐवजी त्याच्या खेळण्याशेजारी गप्प बसून राहावे, हेही त्याला ठाऊक असते. फोकस साधण्याचे सर्वांत कमी अंतर ३० सेंटिमीटर असल्यामुळे इवल्या मुठीचे किंवा पापण्यांचे फोटोही बऱ्यापैकी जवळून मिळतात.

पालकत्वातून या क्षेत्रात येण्याची वाट आजची नाही. ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, पहिला कॅमेरा मिळाला तो मुलीकडून आणि जावयाकडून. अमेरिकी छायाचित्रकार गर्ट्रूड केझबिअर यांनी तीन मुलांना वाढवत असताना १८८९ मध्ये कलाशिक्षणासाठी नाव घातले, छायाचित्रणाकडे त्या त्यानंतर वळल्या, आणि १८९० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये त्यांचा स्वतःचा स्टुडिओ सुरू झाला. आई आणि मूल हा त्यांच्या कामातला कायमचा विषय राहिला. कॅमेरॉन यांच्या काळात समोरच्या माणसाला, मग ते लहान मूल का असेना, काही मिनिटेसुद्धा निश्चल बसवावे लागे. त्या मानाने आजच्या पालकाचे काम फारच सोपे आहे.

आता उणिवा. पहिली उणीव फोकसच्या खोलीची. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावरून एफ/१.८ ने फोटो काढल्यास जेमतेम चार सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एकट्या मुलाच्या चेहऱ्याला ते शोभते, पण आईच्या मांडीवर बाळ असेल तर दोघांपैकी एकाचे डोळे पुसट होतात. स्वतःच्या घरी असा फोटो गोड मानून घेतला जातो. पैसे मोजणारे कुटुंब तो मानून घेणार नाही. तीन मीटर मागे जाऊन एफ/४ वर आल्यास हीच खोली ८५ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि दोन रांगा सांभाळता येतात. मात्र तेथे प्रकाशाचा फायदा बराचसा खर्ची पडतो, हे धरून चालावे.

दुसरी उणीव जागेची, आणि माझ्या मते ती अधिक अडचणीची आहे. तीन मीटर अंतरावरून फुल फ्रेमवर सुमारे २.१५ मीटर रुंदी मावते, तर कॅननच्या त्याहून लहान असलेल्या क्रॉप सेन्सरवर फक्त १.३ मीटरच्या आसपास. नव्याने येणारे बहुतेक पालक क्रॉप सेन्सरच वापरत असतात. आई-वडील आणि दोन मुले त्या रुंदीत आडवा फोटो धरून मोकळेपणाने बसू शकत नाहीत, आणि लोकांच्या बैठकीच्या खोलीत पाठीमागे सरकायला भिंत आडवी येते.

एक गोष्ट मात्र कोणतीच लेन्स दाखवत नाही. आपल्या मुलाचा फोटो पाहताना त्या दिवसाची आठवण आपोआप मिसळते आणि मध्यम फोटोही उत्तम वाटू लागतो. ग्राहकाच्या मुलाच्या फोटोला छायाचित्रकाराच्या आठवणींचा असा आधार नसतो. म्हणून शुल्क आकारण्यापूर्वी आपल्याला न ओळखणाऱ्या मुलांच्या कुटुंबाचे फोटो या लेन्सने काढून पाहावेत आणि ते त्यांना दाखवून त्यांचे मत मोकळेपणाने ऐकावे, असे मी सुचवेन. तसेच मुलांचे फोटो आपल्या कामाचा नमुना म्हणून कोठेही लावण्याआधी त्यांच्या पालकांची लेखी परवानगी घ्यावी. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्नच उभा राहत नसल्याने, घरून सुरुवात केलेल्यांच्या तो ध्यानातही येत नाही.

फुल फ्रेम कॅमेरा असलेल्या पालकाने ही लेन्स पहिल्यांदा घ्यावी आणि मोठ्या कुटुंबांची कामे येऊ लागली की जोडीला अधिक रुंद दृश्य टिपणारी ३५ मिलिमीटरची घ्यावी. क्रॉप सेन्सर असेल तर मी क्रम उलटा ठेवीन: आधी ३५ मिलिमीटर, कारण तेथे तीन मीटरवरून जवळपास १.९ मीटर रुंदी मिळते, आणि एकेकट्या मुलांच्या फोटोंची मागणी वाढल्यावर ही ५० मिलिमीटरची.