स्ट्रेच मार्क्स: क्रीम, सुया, लेझर की काहीच नको?

स्ट्रेच मार्क्सवर काय करावं असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या हातात आधीच एखादी बाटली असते, नाहीतर लेझरच्या पॅकेजची जाहिरात. मग हे तेल बरं की ते, अशी तुलना सुरू होते. ती तुलना थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी आपल्या अंगावरची रेघ नीट बघा. ती अजून लालसर-जांभळी आहे की पांढरी पडली आहे, यावर निम्मा निर्णय ठरतो. उरलेला ठरतो आपल्या त्वचेच्या मूळ रंगावर आणि आपण सध्या गरोदर आहोत की नाही यावर. बाटलीवर काय लिहिलंय याचा नंबर बराच नंतर लागतो.

नवी रेघ, जुनी रेघ

त्वचेची ताकद असते तिच्या आतल्या थरात, डर्मिसमध्ये. तिथे कोलॅजन आणि इलास्टिनच्या तंतूंची जाळी असते. वयात येताना, गरोदरपणात, वजन झपाट्याने वाढताना किंवा व्यायामाने स्नायू पटकन फुगताना ही जाळी ताणली जाते आणि काही ठिकाणी तुटते. कोटाचं वरचं कापड शाबूत राहून आतलं अस्तर उसवावं, तसं हे होतं. पण नुसता ताण पुरत नाही. कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढली की कोलॅजन तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं, आणि घराण्याचा वारसाही मोठा असतो. म्हणूनच एकीच्या पोटावर नवव्या महिन्यातही एक रेघ नसते, तर दुसरीच्या पोटावर सहाव्यातच जाळं उमटतं. दुसरीने काही हयगय केली असं त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

नवी रेघ गुलाबी, लाल किंवा जांभळट दिसते. सावळ्या आणि गडद त्वचेवर ती तपकिरी, काळपट किंवा निळसर असू शकते, त्यामुळे लाली दिसली नाही म्हणून रेघ जुनी समजू नका. ती किंचित उचललेली असते, कधी खाजते. आत सूज असते आणि रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. काही महिन्यांत, कधी वर्षभराहून जास्त काळाने, ती फिकट होत पांढरी आणि चपटी होते आणि थोडी खोलगट, बारीक सुरकुतलेली दिसू लागते. आता तो भरून आलेला व्रण झाला.

नव्या रेघेत शरीराची डागडुजी चालू असते, म्हणून उपचाराला तिथे वाव जास्त मिळतो. जुन्या रेघेचा ठळकपणा कमी करता येतो, तेवढंच. दोन्हींपैकी कुठलीही रेघ पूर्ण पुसून टाकणारा उपचार आज उपलब्ध नाही. तसा दावा करणाऱ्या ठिकाणी पैसे देऊ नका.

आणखी एक गोष्ट घरीच तपासा. समोरून भरपूर उजेड घेऊन बघा, मग उजेड एका बाजूने पाडून बघा. समोरच्या उजेडात रेघ जास्त खुपत असेल तर तुमचा त्रास रंगाचा आहे. बाजूच्या उजेडात सावल्या पडून खुपत असेल तर पोताचा. पुढचे उपचार यातल्या एकावर काम करतात, क्वचितच दोन्हींवर.

काहीच न करणं

याला मी पहिला पर्याय मानते. स्ट्रेच मार्क्स आरोग्याला अपाय करत नाहीत आणि बहुतेक रेघा आपोआप फिक्या पडतात. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी तर माझ्या मते हाच पर्याय योग्य आहे. मुलींच्या मांड्या, नितंब आणि छातीवर, तर उंची भराभर वाढणाऱ्या मुलांच्या कमरेवर आडव्या रेघा येतात. कमरेवरच्या या रेघा कधीकधी माराचे वळ वाटतात, आणि पालकांना किंवा शिक्षकांना भलतीच शंका येते. हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं. या वयात लेझरच्या खुर्चीवर बसवण्यापेक्षा हे सर्रास आढळतं आणि फिकं होतं एवढं समजावणं मुलांच्या जास्त उपयोगाचं आहे.

एखाद्या प्रसंगापुरत्या रेघा झाकायच्या असतील तर कॅमफ्लाज मेकअप पुरतो. उन्हात बसून रंग एकसारखा करायला मात्र जाऊ नका. पांढऱ्या रेघेत रंगद्रव्य कमी तयार होतं, त्यामुळे भोवतालची त्वचा काळवंडते आणि रेघ आणखी उठून दिसते. वजन उतरवल्यानेही रेघा जात नाहीत.

तेल, बटर, लोशन

सर्वाधिक पैसा इथेच जातो आणि पुरावा इथेच सगळ्यात तोकडा आहे. गरोदरपणात स्ट्रेच मार्क्स येऊ नयेत म्हणून लावायच्या क्रीम-तेलांचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ६ चाचण्या आणि ८०० स्त्रिया होत्या. या लेपांनी रेघा टळतात असा भक्कम पुरावा त्यातून निघाला नाही. कोको बटर आणि ऑलिव्ह तेल या दोन लाडक्या गोष्टींनाही चाचण्यांत ठोस फरक दाखवता आलेला नाही.

मग लावूच नये का? जरूर लावा, पण अपेक्षा बदलून. ताणलेली त्वचा कोरडी पडते आणि खाजते, त्यावर मॉइश्चरायझरचा खरा उपयोग होतो. पोटावर हलक्या हाताने तेल चोळताना आईला बरं वाटत असेल, तर तेही मोलाचं आहे. त्यासाठी साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरेसं असतं. "स्ट्रेच मार्क्ससाठी खास" या शब्दांसाठी जादा पैसे मोजण्याचं कारण मला दिसत नाही.

याच कपाटातली एक वस्तू मात्र धोक्याची आहे: स्टेरॉइड असलेली क्रीम. खाज, गजकर्ण किंवा रंग उजळणं यांसाठी अशी मिश्र क्रीम महिनोन्महिने लावली गेली की त्वचा पातळ होते आणि जांघा, काखा अशा घडीच्या जागी नव्या, रुंद रेघा उमटतात. रेघ खाजते म्हणून स्टेरॉइड चोळत राहणं म्हणजे दुखण्याला खतपाणीच. नळीवरचे घटक वाचा आणि शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा.

ट्रेटिनॉइन: लावायच्या औषधांतलं सगळ्यात दमदार

हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नव्या, लालसर रेघा असलेल्या २२ जणांपैकी काहींना ०.१ टक्का ट्रेटिनॉइन आणि बाकीच्यांना बिनऔषधाचं क्रीम २४ आठवडे दिलं होतं. ट्रेटिनॉइन लावणाऱ्या १० पैकी ८ जणांत स्पष्ट सुधारणा दिसली, साध्या क्रीमच्या १२ पैकी फक्त एकात. औषध लावलेल्या रेघांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के घटली, तर दुसऱ्या गटात रेघा वाढत गेल्या. चाचणी छोटी आहे, पण तिची दिशा स्वच्छ आहे. सहा महिने नेमाने लावल्यावर मिळणारा फायदा एवढाच, हेही त्याच आकड्यांतून कळतं. जुन्या पांढऱ्या रेघांवर याच्याकडून फारशी आशा धरू नये.

लाली, आग आणि साल निघणं हे त्रास होतात. गडद त्वचेवर या जळजळीमुळे काळे डाग राहू शकतात, म्हणून कमी ताकदीपासून आणि एक दिवसाआड सुरुवात करणं शहाणपणाचं.

गरोदरपणात हे वापरायचं नाही, आणि दुकानात सहज मिळणारं रेटिनॉलही नाही. इथे बायकांची पंचाईत होते, कारण रेघ नवी असते नेमकी तेव्हाच औषध बंद. पण प्रसूतीनंतरही रेघा कित्येक महिने लालसर असतात, त्यामुळे संधी हुकली असं समजू नका. अंगावर पाजत असाल तर कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

सुया की लेझर?

जुन्या, पांढऱ्या, खोलगट रेघांसाठी खरी निवड इथे येते.

मायक्रोनीडलिंगमध्ये बारीक सुयांनी त्वचेत असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडतात. ती भरून येताना नवं कोलॅजन तयार होतं. आधी बधिर करणारं क्रीम लावतात, नंतर काही दिवस लाली राहते. साधारण महिन्याच्या अंतराने ३ ते ६ सत्रं लागतात. याचा परिणाम मुख्यतः पोतावर होतो. यात उष्णता वापरली जात नाही, त्यामुळे गडद त्वचेवर नंतर काळे डाग पडण्याची भीती तुलनेने कमी असते. घरगुती डर्मारोलर म्हणजे हेच, अशी समजूत आहे. त्याच्या सुया आखूड असतात, लवकर बोथट होतात आणि स्वच्छता पाळली नाही तर संसर्ग होतो. तो घेऊ नका.

फ्रॅक्शनल लेझर त्वचेत उष्णतेचे बारीक खांब पाडतं आणि मधली त्वचा अभंग ठेवतं, म्हणजे जखम लवकर भरते. यात दोन जाती आहेत. १५४० किंवा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचं लेझर वरचा थर न काढता आत काम करतं. १०,६०० नॅनोमीटरचं कार्बन डायऑक्साइड लेझर वरचा थरही जाळतं. ते जोरकस आहे, पण बरं व्हायला जास्त दिवस लागतात आणि गडद त्वचेवर डाग पडण्याचा धोका खरा आहे. मायक्रोनीडलिंग आणि कार्बन डायऑक्साइड लेझर यांची समोरासमोर तुलना करणाऱ्या छोट्या अभ्यासांत सुया मागे पडलेल्या नाहीत आणि डागही त्यांच्याने कमी पडले. म्हणून सावळ्या त्वचेवरच्या जुन्या रेघांसाठी मी आधी मायक्रोनीडलिंगचा विचार करायला सांगेन. रेडिओफ्रीक्वेन्सी जोडलेल्या सुया हा मधला मार्ग, पण तिथे पुन्हा उष्णता येते.

रंगासाठीची लेझर वेगळी असतात. ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचं पल्स्ड डाय लेझर रक्तातल्या हिमोग्लोबिनला लक्ष्य करतं, म्हणून ते नव्या लाल रेघांसाठी आहे. पांढऱ्या रेघेवर त्याला धरायला फारसं काही नसतं. त्याची किरणं त्वचेतलं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिनही शोषतं, त्यामुळे गोऱ्या त्वचेवर ते बरं, गडद त्वचेवर जपून. ३०८ नॅनोमीटरचं एक्सायमर लेझर उलट पांढऱ्या रेघेत रंग भरतं. त्याने पोत बदलत नाही आणि रंग टिकवायला सत्रं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. ज्यांचा त्रास फक्त रंगाचा आहे त्यांनीच तिकडे वळावं.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात: अॅब्डोमिनोप्लास्टीत बेंबीखालची सैल त्वचा काढतात, तिच्यावरच्या रेघाही तिच्याबरोबर जातात आणि मोठा आडवा व्रण राहतो. केवळ रेघांसाठी हा सौदा मला पटत नाही.

सौंदर्याचा प्रश्न नसतो तेव्हा

वजन वा उंची फारशी न वाढता एक सेंटिमीटरहून रुंद, गडद जांभळ्या रेघा उमटल्या आणि जोडीला चेहरा गोल होणं, जरा धक्का लागला तरी काळंनिळं पडणं, मांड्या-दंडांत अशक्तपणा किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर कॉर्टिसोल वाढवणाऱ्या कुशिंग सिंड्रोमची तपासणी हवी. गरोदरपणाच्या शेवटी रेघांवरच खाजऱ्या पुळ्या उठल्या तर बहुतेकदा ते प्रसूतीनंतर जाणारं पुरळ असतं, तरी दाखवून घ्यावं. पण पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, तीव्र खाज सुटत असेल तर यकृताचा आजार असू शकतो आणि तो बाळाला धोक्याचा ठरतो. तेव्हा तेल शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

क्लिनिकमध्ये जाण्याआधी

गरोदरपणात सुया-लेझर नकोतच, आणि वजन वरखाली होत असेल तर ते स्थिर होईपर्यंत थांबा, नाहीतर नव्या रेघा येत राहतील. केलॉइड व्रण (जखमेच्या बाहेर वाढत जाणारा जाड व्रण) होण्याची प्रवृत्ती, रक्त पातळ करणारी औषधं, मुरमांसाठी घेतलेलं आयसोट्रेटिनॉइन, हे विचारण्याची वाट न बघता सांगा. माझ्यासारख्या रंगाच्या त्वचेवर हे मशीन किती वापरलंय, डाग पडला तर पुढे काय करणार, हे थेट विचारा. आधी छोट्या, झाकता येणाऱ्या जागी चाचणी करून घ्या आणि निदान महिनाभर ती जागा बघा.

फोटो एकाच जागी, एकाच उजेडात काढत जा. रोज आरशात बघून फरक कळत नाही. कोलॅजन सावकाश तयार होतं, त्यामुळे उपचाराचा खरा अंदाज शेवटच्या सत्रानंतर सुमारे तीन महिन्यांनी येतो. म्हणून सुरुवातीलाच मोठं पॅकेज घेऊ नका. तीन सत्रं घ्या, तेवढा काळ थांबा, आणि फोटोत फरक नसेल तर त्याच उपचाराची पुढची सत्रं घेऊ नका.