लिनक्स कर्नलचा ‘फाइल सिस्टिम्स’ मेनू: मालवणच्या दुकानात काही महिने वापरल्यानंतर

मालवणच्या बाजारपेठेतील आमच्या झेरॉक्स, छपाई आणि संगणक दुरुस्तीच्या दुकानात ग्राहकांची साधने जोडण्यासाठी दोन जुनी यंत्रे वेगळी ठेवलेली आहेत. गेले काही महिने त्यांवर मी स्वतः पर्याय निवडून बांधलेला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू आहे. गणपतीत मुंबईहून येणारे चाकरमानी, तारकर्लीला स्कूबा करून आलेले पर्यटक, दशावताराच्या जुन्या सीडी घेऊन येणारी मंडळी असे सगळेच काही ना काही जोडायला देतात. अनोळखी साधनावरची मुद्दाम बिघडवलेली फाइल सिस्टिमही (फाइली साठवण्याची रचना) कर्नलच वाचतो, त्यामुळे ती वाचणारे जे ड्रायव्हर आपल्याला लागत नाहीत ते मुळात बांधूच नयेत, एवढाच या खटाटोपामागचा हेतू होता. त्यासाठी ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ या, कर्नलचे पर्याय निवडण्याच्या पडद्यावरील फाइल सिस्टिम्सचा मेनू वारंवार हाताळावा लागला. हा अभिप्राय त्या मेनूच्या मांडणीविषयी आहे.

मांडणीचा पाया भक्कम आहे, हे आधी सांगायला हवे. हे पर्याय मांडणारी केकॉन्फिग ही व्यवस्था २००२ मध्ये कर्नलच्या २.५ मालिकेत आली. फाइल सिस्टिमचे पर्याय पूर्वी एकाच लांबलचक फाइलमध्ये होते. २००९ मध्ये ते फोडून ज्या त्या फाइल सिस्टिमच्या डिरेक्टरीत नेले गेले. आज मुख्य फाइलमध्ये प्रामुख्याने उपमेनूंची चौकट आणि इतर फाइलींकडे नेणाऱ्या ओळी उरल्या आहेत. एक्सएफएस या फाइल सिस्टिमविषयी शंका आली तर तिच्याच डिरेक्टरीत उत्तर सापडते आणि पर्यायांचा मजकूर त्या कोडची देखभाल करणाऱ्यांच्या हाताखाली राहतो. अवलंबनेही बहुतेक ठिकाणी चोख बांधलेली आहेत. एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम निवडली की तिच्या जर्नलसाठी (मध्येच वीज गेली तरी सावरता यावे म्हणून ठेवलेली बदलांची नोंद) लागणारा जेबीडी२ हा कोड आपोआप निवडला जातो. पावसाळ्यात दिवसातून कितीदा वीज जाईल याचा नेम नसलेल्या गावात जर्नलचा हा पर्याय कोणाच्या नजरचुकीने सुटू शकत नाही, ही मला मोठी सोय वाटते.

अडचण वर्गवारीत आहे. चकतीवर राहणाऱ्या मुख्य फाइल सिस्टिम्स आरंभी येतात, त्यानंतर सीडी-डीव्हीडी, मग डॉस-फॅट-एनटी, मग आभासी (चकतीवर नसलेल्या, कर्नल स्वतः उभ्या करतो त्या), मग किरकोळ, मग नेटवर्कवरच्या. ही विभागणी वस्तू कोठून आली यावर बेतलेली आहे. ती कशासाठी लागते याला तिच्यात फारसे स्थान नाही. ‘किरकोळ’ या उपमेनूत अ‍ॅमिगा आणि जुन्या मॅकिंटॉशच्या फाइल सिस्टिम्स आहेत, हे समजण्यासारखे आहे. परंतु असंख्य राउटरांत वापरले जाणारे स्क्वॅशएफएस आणि यूबीआयएफएस, तसेच कर्नल कोसळल्यावर शेवटचे संदेश जपून ठेवणारे पीस्टोअर, हेही त्याच उपमेनूत आहेत. त्याच्या मदतीच्या मजकुरात इतर ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेल्या फाइल सिस्टिम्सचा उल्लेख आहे; तो वाचून एखाद्याने संपूर्ण उपमेनूच बंद केला, तर पीस्टोअरही त्याबरोबर जाते. याउलट यंत्र सुरू होताना लागणारे, जोडलेल्या साधनांच्या नोंदी दाखवणारे डेव्हटीएमपीएफएस या मेनूत नाहीच. ते डिव्हाइस ड्रायव्हर्सच्या सर्वसाधारण पर्यायांत आहे. कोड जेथे आहे तेथेच पर्याय, हा नियम मला मान्य आहे. फक्त आभासी फाइल सिस्टिम्सच्या यादीत ‘ते तिकडे आहे’ असे सांगणारी एक ओळ हवी होती.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पेनड्राइव्हवरच्या देवनागरी नावांत. ‘सातबारा’, ‘लग्नपत्रिका अंतिम’ अशी नावे असलेल्या फाइली फॅट या जुन्या फाइल सिस्टिमच्या पेनड्राइव्हवर आल्या, तर त्यांची लांब नावे युनिकोडमध्येच साठवलेली असतात. ती बिघडतात ती वाचताना. फॅटच्या पर्यायांतील अक्षरसंचाचे मूळ मूल्य आजही आयएसओ ८८५९-१ असे, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचा संच, आहे. त्यात देवनागरी नसल्यामुळे प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. डेस्कटॉपवरची स्वयंचलित माउंट (साधन वाचण्यासाठी जोडून घेण्याची) व्यवस्था बहुधा यूटीएफ-८ चा, म्हणजे देवनागरीही सामावणाऱ्या युनिकोड पद्धतीचा, पर्याय स्वतःच जोडते, पण आमच्याकडे साध्या माउंट आज्ञेने, केवळ वाचण्यापुरते साधन जोडले जाते, त्यामुळे ‘फॅटसाठी यूटीएफ-८ मूळ धरा’ हा पर्याय मेनूतच चालू करावा लागतो. तेवढ्यानेही काम भागत नाही. अक्षरसंचांचे तक्ते मेनूच्या तळाशी, नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट या वेगळ्या विभागात असतात. यूटीएफ-८ चालू केले तरी फॅटचा ड्रायव्हर माउंट करताना कोडपेज ४३७ (डॉसच्या काळातील अक्षरसंच) आणि आयएसओ ८८५९-१ हे दोन्ही तक्ते मागतोच. त्यांपैकी एक जरी बांधलेला नसेल तर पडद्यावर ‘फाइल सिस्टिमचा प्रकार चुकीचा किंवा पर्याय चुकीचा’ अशा अर्थाचा मोघम संदेश येतो आणि खरे कारण कर्नलच्या नोंदींत शोधावे लागते. जेबीडी२ आपोआप निवडणारा मेनू येथे मात्र अक्षरसंचाचे नाव निव्वळ मजकूर म्हणून स्वीकारतो आणि त्याचा तक्ता बांधला आहे की नाही हे पाहतही नाही. पर्यटकांच्या मोठ्या कार्डांवर असते त्या एक्सफॅटचे मूळ मूल्य यूटीएफ-८ आहे आणि तो पर्याय याच उपमेनूत फॅटच्या शेजारी बसतो. शेजारी-शेजारी असलेल्या दोन पर्यायांची मूळ मूल्ये इतकी भिन्न का, याचा उलगडा त्यांच्या वयावरून होतो. मेनू मात्र त्याविषयी काहीही बोलत नाही.

या भुलभुलैयात तिरकी रेघ दाबून उघडणारा शोध हाच मला खरा दरवाजा वाटतो. नाव टाकले की पर्याय कोठे आहे, कशावर अवलंबून आहे आणि त्याला कोण निवडते हे सारे दिसते. सोबतचा आकडा दाबला की थेट तेथे जाता येते. पहिले काही दिवस मेनू वरून खाली वाचणाऱ्याने हे आधीच शिकून घ्यावे.

‘लोकलमॉडकॉन्फिग’ या आज्ञेविषयी मात्र सावधगिरीचा सल्ला देईन. ती त्या क्षणी चढवलेली मॉड्यूल (कर्नलचे गरजेनुसार जोडले जाणारे भाग) पाहून बाकीची बंद करते. आज्ञा देताना एक्सफॅटचे कार्ड जोडलेले नसेल तर एक्सफॅट गेलेच म्हणून समजावे. दुकानासारख्या ठिकाणी, जेथे उद्या काय येईल हे ठाऊक नसते, तेथे एलएमसी_कीप या चलात फाइल सिस्टिमची डिरेक्टरी देऊन ती वाचवणे आवश्यक आहे.

नव्या आवृत्तीकडे जाताना जुनी निवड पुढे नेण्याचे काम ‘ओल्डडेफकॉन्फिग’ ही आज्ञा मुकाट्याने करते आणि तो मुकेपणाच खटकतो. विंडोजच्या एनटीएफएसचा जुना ड्रायव्हर कर्नलच्या ६.९ आवृत्तीत काढला गेला, तेव्हा त्याचे नाव सुसंगतीसाठी ठेवले आणि ते एनटीएफएस३ या दुसऱ्या ड्रायव्हरकडे वळवले. जुनी निवड असलेल्यांचे काम अडले नाही. रायझरएफएस ही जुनी फाइल सिस्टिम ६.१३ मध्ये काढली गेली, तिचा पर्यायही गेला आणि जुन्या निवडीतील ती ओळ काहीही न सांगता गळून पडते. अनोळखी पर्यायांविषयी इशारा देणारे केकॉन्फिग_वॉर्न_अननोन_सिम्बॉल्स हे पर्यावरणचल उपलब्ध आहे, परंतु ते मूळात बंद असते. मी ते बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये कायमचे चालू केले आहे, आणि क्वचित येणाऱ्या रायझरएफएसच्या जुन्या हार्डडिस्कसाठी एका यंत्रावर ६.१२ ही दीर्घकालीन आवृत्ती ठेवली आहे.