क्विझचा बझर: जुना कीबोर्ड की अर्डुइनो?

संगणकावरच्या क्विझसाठी घरी बझर करायचा तर दोन वाटा. जुना यूएसबी कीबोर्ड उघडून त्यातल्या छोट्या सर्किटला मोठी बटणं जोडायची, किंवा अर्डुइनो लिओनार्डोलाच (हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) कीबोर्ड बनवायचं. (अर्डुइनोचाच दुसरा बोर्ड, जुना उनो (आर३पर्यंतचा), घेऊ नका, तो संगणकाला थेट कीबोर्ड म्हणून दिसत नाही.)

कीबोर्डला प्रोग्रॅम लागत नाही, पण सर्किटवर घाम निघतो. बऱ्याचदा तिथले काळे कार्बनचे ठिपके सोल्डर धरतच नाहीत. हलक्या हाताने खरवडून खाली तांबं लागलं तर काम होतं. शिवाय कळा ओळी-रकान्यांच्या जाळीत असतात. तीन संघांनी एकदम दाबलं आणि त्या कळा जाळीतल्या एकाच चौकोनाचे तीन कोपरे असतील, तर कुणी न दाबलेली चौथीही उमटू शकते, नाहीतर तिसरी अडते. म्हणून प्रत्येक कळ वेगळ्या ओळीतली आणि वेगळ्या रकान्यातली निवडा.

लिओनार्डोवर प्रत्येक बटणाला स्वतंत्र पिन, दुसरी तार ग्राउंडला. बटण दाबलेलं नसताना पिनचा सिग्नल स्थिर ठेवायला बोर्डातलाच पुल-अप रेझिस्टर पुरतो. पहिलं बटण दाबलं गेलं की बाकीची बंद, हेही प्रोग्रॅममध्येच बसतं. ‘आधी मीच दाबलं’ हे भांडण तिथेच मिटतं, म्हणून मी हाच घेईन. दोनच संघ असतील, तर मात्र जुना कीबोर्ड भंगारात टाकू नका.