अमोनियाची गुंगी की ‘प्रेस’?

इंदूरला रामबागेत राहणारे आमचे भाऊजी. काविळीत यकृत निकामी झालं, आयसीयूत होते. तिसऱ्या रात्री ताईला म्हणाले, “दिवे का घालवलेत गं?” दिवे तर लख्ख चालू होते.

यकृत बंद पडलं की माणूस बरळतो, ते बहुधा रक्तात साठलेल्या अमोनियामुळे. दिवसा झोप, रात्री जाग. हात पुढे धरायला सांगितलं की पंजे फडफडतात. हे नेहमीचं.

‘प्रेस’ (PRES, पोस्टीरियर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपॅथी सिंड्रोम) म्हणजे मेंदूला सूज येण्याचा एक आजार, तो दुर्मीळ. १९९६ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन झालं. यात डोकं ठणकतं, फिट येते, दिसेनासं होतं. रक्तदाब बहुधा चढलेला. मेंदूच्या मागच्या भागात, म्हणजे दृष्टीचं केंद्र असतं तिथेच, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून सूज येते. सीटीत ती निसटू शकते, एमआरआयत पांढरी उमटते. रक्तदाब बेताबेताने उतरवला, फिट आवरली की बहुतेकदा ओसरते.

माझ्या मते नजर गेली की सगळं अमोनियावर ढकलू नये. दोन्ही एकत्रही असू शकतात, खरी पंचाईत तिथेच!

आठवड्याने भाऊजींनी भिंतीवरचं घड्याळ वाचलं. “सव्वादहा.” साडेदहा झाले होते, पण ताईने दुरुस्त केलं नाही. पोह्यांचा डबा उघडला.